कढत काढ्यातली काच

बायको बुर्गल गेल्यानंतर ओटमार विटमान पहिल्यांदाच बिअर करत होता, आणि कढईतला काढा किती दाट झालाय हे काही त्याला कळत नव्हतं.

भट्टीघर गावाचं होतं. ज्या घरांना बिअर करायचा जुना हक्क होता त्यांनी पाळीपाळीने तिथे यायचं, चुलाणात लाकडं घालायची, बार्लीच्या मॉल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या दाण्यांचा, गोड काढा हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचा, माळ्यावरच्या रुंद उथळ परातीत तो रात्रभर निववायचा आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या तळघरात नेऊन आंबायला ठेवायचा. या वेळची कढई ओटमार आणि त्याचा शेजारी ग्रेगोर हाइंडल यांनी निम्मी निम्मी घेतली होती. ग्रेगोरच्या सुनेचे दिवस भरत आले होते. नातवंडाच्या बाप्तिस्म्याला घरचीच बिअर हवी म्हणून तो पाळीची वाट बघत होता.

इतकी वर्षं ओटमारने जाळ घालायचा आणि बुर्गलने मोजायचं, असं चाललं होतं. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक पडून गेलं होतं. ओटमारला आग कळायची. बुर्गलला थांबता यायचं. काढा मोजायचा म्हणजे सगळं काम थांबण्याचंच असतं. तांब्याच्या उंच नळकांड्यात काढा घ्यायचा, वर लगेच बशी झाकायची, नळकांडं दगडी डोणीतल्या गार पाण्यात उभं करायचं आणि ते हाताला कोमट लागेपर्यंत गप्प बसायचं. मग त्यात स्पिंडल सोडायची. स्पिंडल म्हणजे काचेची तरंगती नळी. खालून फुगीर, पोटात शिशाचे छर्रे आणि एक बारीक थर्मामीटर, वर बोरूसारखा देठ आणि देठावर आकडे. काढा दाट असला की ती वर उचलली जाते, पातळ असला की बुडते. फेस फुंकून बाजूला करायचा, डोळा काढ्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा वाचायचा. बारा आला की जाळ ओढायचा. बुर्गल गुडघ्यावर बसून वाचायची, उठून नुसती मान हलवायची, आणि ओटमार निखारे बाहेर ओढायचा.

आज तो एकटाच दोन्ही करत होता. पहिल्या खेपेला त्याने नळकांडं पुरतं निवायच्या आधीच स्पिंडल सोडली. आकडा नऊ आला. नऊ म्हणजे पाणी. गरम काढा पातळ असतो, स्पिंडल त्यात जास्त बुडते, हे त्याला ठाऊक होतं. पण किती जास्त, हे ठाऊक नव्हतं. त्याने चुलाणात आणखी लाकडं कोंबली. दुसऱ्या खेपेला नळकांडं डोणीत ठेवलं, पण बशी ठेवायची राहिली. जाळाकडे जाऊन परत येईपर्यंत त्यातून वाफ जातच होती. या वेळी आकडा साडेबारा आला. वाफ गेली म्हणजे पाणी गेलं, मागे राहिलं ते दाट. मग हाही आकडा खोटाच. नऊ खोटा, साडेबारा खोटा, आणि कढईतला काढा तर क्षणाक्षणाला आटत होता.

भीती तशी सकाळपासूनच होती. खरं तर त्याच्याही आधीपासून होती. मागच्या महिन्यात खानावळीत म्हातारा लांपर्ट हसत हसत म्हणाला होता, की विटमानांची बिअर बुर्गलच्या शवपेटीतच गेली म्हणा आता. सगळे हसले होते, ओटमारही हसला होता. घरी आल्यावर मात्र ते वाक्य त्याच्या मागे लागलं. बिअर बिघडली तर लोक काही बोलणार नाहीत, नुसते अर्धा पेला टाकून उठतील. मग बुर्गलचं जे काही गावात उरलंय तेही जाईल, असं त्याला वाटत होतं.

ग्रेगोर लाकडं आणायला गाडी घेऊन गेला होता. भट्टीघरात कुणी नव्हतं. ओटमारने ठरवलं, आता वाट बघायची नाही, उकळतानाच एकदा बघून घेऊ, अंदाज तरी येईल. त्याने लांब दांड्याचा डाव कढईत घातला, उकळता काढा काठोकाठ भरून घेतला, आणि कढईवरच धरून त्यात स्पिंडल सोडली. ती आत्तापर्यंत डोणीतल्या गार पाण्यात पडलेली होती.

आवाज फार लहान झाला. नखाने नख तोडल्यासारखा. हातात देठ राहिला, आकड्यांचा. फुगीर भाग डावाच्या काठावर कलंडला आणि उकळीत गेला.

ओटमार तसाच उभा राहिला. हॉप्सचा हिरवा पाला खालून वर येत होता, वरून खाली जात होता. आधी त्याला फक्त एवढंच सुचलं, की आता मोजायचं कशाने? थर्मामीटरची आठवण त्याला त्यानंतर झाली. थर्मामीटर म्हणजे पारा.

त्याने देठ खिशात घातला. का घातला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. कुणी बघितलं नव्हतं, आणि हात आपोआप खिशात गेला. मग डोकं कामाला लागलं, आणि भ्यालेलं डोकं फार भरभर चालतं. पारा जड असतो. जड वस्तू तळाशी जाते. काढा माळ्यावर चढवताना तळाचा गाळ मागेच राहतो. राहिलाच थोडा तर परातीच्या तळाशी बसेल, पिपाच्या तळाशी बसेल. थेंबभर तर असतो. शिवाय आतली नळी फुटलीच असेल कशावरून? या प्रत्येक वाक्यावर त्याला जरा बरं वाटायचं, आणि मग कढईकडे नजर गेली की तळ ढवळून वर येताना दिसायचा.

तेवढ्यात लांपर्ट आला. भट्टीघराचं दार पाळीच्या दिवशी कुणालाही उघडं असतं. येईल त्याने पेला आणायचा, कढईतला गरम काढा घ्यायचा, नको म्हणायची रीत नाही. म्हाताऱ्याने आपला पत्र्याचा पेला आणला होता. त्याने डाव उचलला, पेला भरला, फुंकर घालत भिंतीला टेकला आणि ओटमारच्या जाळाची थट्टा करू लागला. हा जाळ आहे का आगगाडीचं इंजिन, असं काहीतरी.

ओटमारने त्याच्याकडे पाठ केली. खाली चुलाणाच्या तोंडाशी जाऊन एक ओंडका आत सारला. आत्ता बोल, तो स्वतःला म्हणाला. वरून घोट घेतल्याचा आवाज आला. आता बोल. आणखी एक घोट. मग त्याला वाटलं, आता प्यायलाच आहे तर आता बोलून काय. हा विचार आल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली, पाऱ्याहून जास्त. वर आला तेव्हा म्हातारा मिशा पुसत होता. गोड आहे, म्हणाला, बुर्गलसारखंच झालंय की. आणि पेला घेऊन दाराशी ओंडक्यांच्या राशीवर उन्हात जाऊन बसला.

कढईतून वाफ येत होती आणि आज पहिल्यांदाच ओटमारला त्या वाफेची भीती वाटली. तो श्वास रोखून उभा होता, सुटला की पुन्हा रोखत होता.

मग फ्रोनी आली, ग्रेगोरची सून. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात निळ्या फुलांचा मातीचा पेला. सासऱ्याने पाठवलं, म्हणाली, गाडीचं चाक रुतलंय, यायला उशीर होईल. आणि सासूने सांगितलंय की गरम काढा पिऊन ये, अंगावर दूध चांगलं येतं. ती ठोकळ्यावर बसली, पाय लांब केले आणि पेला त्याच्यापुढे धरला.

"काका, तुम्हीच द्या. मला आता वाकवत नाही. आणि तळाचं द्या हं, वरचं नको, तो पाला तोंडात येतो."

ओटमारने पेला घेतला. त्याच्या हातांनी डाव उचलला, कढईत घातला, खोल घातला, कारण तिने तळाचं मागितलं होतं. डाव वर आला. त्याने पेला भरला. काढा स्वच्छ, तांबूस, सुंदर दिसत होता. त्यात काही दिसत नव्हतं. न दिसणंच वाईट होतं. फ्रोनीने हात पुढे केला.

पेला त्याच्या हातातून सुटेना. ती हसली, म्हणाली, काका, भाजतंय तुम्हाला, सोडा की. तिची बोटं पेल्याला लागली तेव्हा त्याने तो मागे ओढला आणि सगळा काढा जमिनीवर ओतला.

"घेऊ नकोस," तो म्हणाला. "यात काच पडलीय. थर्मामीटरही. बाहेर जा. उठ, बाहेर जा आधी."

ती लगेच उठली नाही. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटावर हात ठेवून इतक्या झपाट्याने उठली की ठोकळा उलटला. दारातून लांपर्टने हे सगळं ऐकलं होतं. त्याने रिकाम्या पेल्यात पाहिलं.

ग्रेगोर आला तेव्हा तिघं अंगणात उभी होती, भट्टीघराचं दार सताड उघडं होतं आणि वाफ लोटांनी बाहेर येत होती. ओटमारने त्याला सगळं सांगितलं. देठ खिशातून काढून दाखवला. ग्रेगोर समोरच्या खानावळीत डॉक्टरला फोन करायला पळाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

"ऐक," तो म्हणाला, "डॉक्टर विचारतायत, थर्मामीटरच्या आतली रेघ कसली होती? चंदेरी असेल तर पारा. मग सगळ्यांनी बाहेर थांबायचं, आग विझवायची, एक थेंब प्यायचा नाही. रंगीत असेल तर नुसता रंग घातलेला स्पिरिट, त्याने काही होत नाही. दुहेरी फडक्यातून गाळून घ्या म्हणाले." तो थांबला. "रंगीतच असेल की. ती जुनी फुटली होती ना, मग बुर्गलने बाजारातून नवी आणली होती. नव्यांत रंगीतच असतो. हो ना, ओटमार?"

ओटमारने डोळे मिटले. ती नवी स्पिंडल त्याने कितीदा धुतली होती, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. बुर्गल तिच्यावर वाकलेली त्याला लख्ख दिसत होती. कपाळावर चिकटलेले केस, पुटपुटणारे ओठ, फेस फुंकताना फुगलेला गाल. रेघ दिसत नव्हती. चंदेरी म्हटलं की चंदेरी दिसायची, तांबडी म्हटलं की तांबडी.

ग्रेगोर त्याच्याकडे बघत होता. फ्रोनी बघत होती. एक शब्द पुरला असता. काढा वाचला असता, बाप्तिस्म्याची बिअर वाचली असती, सगळे आत जाऊन फडकं शोधू लागले असते, आणि पुढे आयुष्यभर, त्या घरातलं पोर शिंकलं तरी ओटमारच्या छातीत धस्स झालं असतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "ती बघायची. मी कधी बघितलंच नाही."

"आठव जरा."

"आठवायला बघितलेलं असावं लागतं, ग्रेगोर."

ग्रेगोरने टोपी काढली, पुन्हा घातली. मग तोंडाला ओलं फडकं बांधून चुलाणाच्या तोंडाशी उतरला आणि निखारे बाहेर ओढू लागला. ओटमार मदतीला जायला लागला तर त्याने हातानेच थांबवलं.

वाट बघणं फार कठीण गेलं. कढई एवढी मोठी, आग ओढली तरी ती लवकर गप्प होईना. फ्रोनीला ग्रेगोरने घरी पाठवलं होतं. ती कुंपणापर्यंत जाऊन तिथेच उभी राहिली. डॉक्टर संध्याकाळी येतो म्हणाले होते. लांपर्ट ओंडक्यांवर बसला होता आणि ओटमार त्याच्यासमोर उभा राहून त्याच्या चेहऱ्यात काही बदल होतो का ते बघत होता. ओठ निळे पडतायत का? हात थरथरतोय का? म्हाताऱ्याचा हात तसा नेहमीच थरथरायचा.

"असा बघू नकोस," लांपर्ट म्हणाला. "बरंच झालं. आता ताप आला की बायकोला काखेत थर्मामीटर धरायला नको. माझ्याकडे नुसतं बघून आकडा सांगेल."

ओटमारला हसू आलं नाही. लांपर्टचंही हसू लवकर विरलं. त्याने पेला जमिनीवर उपडा ठेवला.

"मी घेत होतो तेव्हा फुटलेली होती?"

"होती."

"तू खाली लाकूड घालायला गेलास."

"हो."

म्हातारा अंग चोरून बसला, आणि थोड्या वेळाने जरा बाजूला सरकला. तेवढं सरकणं ओटमारला फार लागलं.

काढा ओढ्यात सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ग्रेगोरने शेतावरून शेणमुताच्या टाकीचा ट्रॅक्टर आणला. जाड नळी कढईत सोडली, पंप लावला, आणि सकाळपासून केलेला गोड, तांबूस काढा घुरघुरत शेणाच्या टाकीत जाऊ लागला. अंगणभर दोन्ही वास एकत्र पसरले. ग्रेगोरचा जबडा घट्ट मिटलेला होता. त्याने ओटमारला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त नळी धरून उभा होता आणि टाकीवरच्या काचेत चढणारी पातळी बघत होता.

कढई रिकामी झाली तेव्हा तळाशी पाल्याचा ओला थर उरला. ग्रेगोर रबरी बूट आणि जाड हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, शिडीने आत उतरला. बाहेरून त्याच्या बॅटरीचा उजेड कढईच्या कडांवर फिरताना दिसत होता. ओटमार दारात उभा होता. त्याला आत जाववत नव्हतं आणि लांबही जाववत नव्हतं. पाला सरकवल्याचा आवाज. छर्रे कढईच्या तांब्याच्या तळावर घरंगळल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

"ओटमार, इकडे ये."

ओटमार दारातच राहिला. शेवटी ग्रेगोरच शिडी चढून वर आला, दारातल्या उजेडात आला आणि त्याने हातमोजा उघडला. फुगीर काच अर्धी फुटली होती. आतली बारीक नळी मात्र शाबूत होती, काडीएवढी, आणि तिच्यात एक रेघ होती. निळी. शाईसारखी निळी.

ओटमारने ती बघितली. बुर्गल हिच्याकडे बघायची. मग तो उंबऱ्यावर बसला.

आता ग्रेगोर फुटला. तो दाराच्या चौकटीवर मूठ आपटत बोलत सुटला. दोन घरांची बिअर शेणात घातली, निळ्या रेघेपायी, आणि याला साधं डोळ्यांनी बघता येत नव्हतं, वर्षानुवर्षं बायकोच्या पदराआड उभा राहिला, आता बाप्तिस्म्याला काय लोकांना पाणी पाजू का. ओटमार ऐकत राहिला. सगळं खरंच होतं. रंगीत आहे असं मघाशी सांगितलं असतं तर तेही खरंच ठरलं असतं, हे त्याला आत्ता कळलं. तो खोटं बोलला असता, ते खरं निघालं असतं, आणि तो खोटं बोलला हे कुणालाच कधी कळलं नसतं.

फ्रोनी कुंपणापासून परत आली होती. तिने सासऱ्याला थांबवलं.

"बाबा, पुरे. तो पेला माझ्या हातात होता. रेघ कसली ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला पाणी चालेल बाप्तिस्म्याला."

ग्रेगोर खानावळीत जाऊन डॉक्टरांना निळी रेघ सांगून आला, येऊ नका म्हणाला. मग त्याने भिंतीवरचे दोन ब्रश काढले, एक ओटमारच्या अंगावर फेकला, आणि दोघं कढई घासायला उतरले. पुढची पाळी कुणाची, त्याला आज काय सांगायचं, एवढंच ग्रेगोरने घासता घासता एकदा विचारलं.

बाहेर आले तेव्हा लांपर्ट अजून बसलेला होता. थंडी वाढली होती, वाट गोठून निसरडी झाली होती. ओटमारने त्याला उठायला हात दिला. म्हाताऱ्याने हात धरला नाही. ओंडक्यांना धरून तो स्वतःच उठला आणि चालू लागला. ओटमार दोन पावलं मागे राहून त्याच्याबरोबर चालत गेला. पडला तर धरता यावं म्हणून. घर येईपर्यंत म्हातारा एकदाही मागे वळला नाही.

दाराशी मात्र तो थांबला. कडीवर हात ठेवून, दाराकडेच तोंड करून बोलला.

"पुन्हा पाळी आली की येईन मी. पेला घेऊन येईन. पण आधी तू प्यायचंस. माझ्यासमोर, भरलेला पेला, तळाचा."

"पिईन," ओटमार म्हणाला.

लांपर्ट आत गेला. आतून बायकोचा आवाज आला, इतका वेळ कुठे होतास म्हणून. तो काय सांगतो ते ऐकायला ओटमार थांबला नाही.